अय्यूबभाईंचे तीन हंसराज

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता वनविभागाच्या नाक्यावर अय्यूबभाईंनी एक जप्त पोतं जुन्या वर्तमानपत्रांवर पालथं केलं आणि त्यातला हंसराज एकेक काडी उचलून, उलटा करून पाहायला सुरुवात केली. पोत्यातला माल नाक्यावरच्या काट्यावर दोन किलो भरला होता. काम संपलं तेव्हा सव्वातीन वाजले होते. या पावणेतीन तासांत त्यांनी दोनदा पाणी मागितलं आणि एकदा वनमजुराला झापून उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं. बाकी ते काही बोलले नाहीत. त्यांना ओळखणाऱ्यांसाठी ही काळजीची गोष्ट होती.

अय्यूबभाई सातपुड्याजवळच्या वरवट बकाल गावचे. तिथे आमची घरं समोरासमोर आहेत. जवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी परिचर म्हणून नोकरी केली, म्हणजे बरण्या पुसणं, काचपट्ट्या धुणं, वाळवलेली पानं कागदावर चिकटवणं. निवृत्त झाले तेव्हा निरोपाला मिळालेली शाल त्यांनी कपाटात ठेवली आणि प्रयोगशाळेतलं मोडक्या दांड्याचं भिंग रीतसर अर्ज करून मागून घेतलं. ते भिंग कायम सदऱ्याच्या खिशात असे. दांड्याच्या जागी सायकलचा स्पोक बसवलेला होता.

‘सारखं’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. नवीन दूधवाल्याला माहीत नव्हतं. "कालच्यासारखंच हाये चाचा दूध," असं तो म्हणाला आणि वीस मिनिटं अडकला.

"सारखं काही नसते बे," अय्यूबभाई त्याला सांगत होते. "पाहनारा आळशी असते."

त्यांचं दुसरं वाक्य, "आधी पाठ दाखव." हे मूळचं नेच्यांसाठी होतं. नेचा म्हणजे ओल्या सावलीत उगवणारी झालरीच्या पानांची वनस्पती. तिला फूल येत नाही आणि बी धरत नाही. वंश चालवणारी तपकिरी पूड पानाच्या मागच्या बाजूला धरते, म्हणून ओळख पटवायची तर पान उलटावंच लागतं. पण अय्यूबभाईंनी हा नियम नेच्यांपुरता ठेवला नाही.

आमच्याकडे पंक्चरच्या दुकानात दोन जुळे भाऊ आहेत. थोरल्याला पाहायला पातुर्ड्याकडचे पाहुणे आले. थोरला नेमका तापाने फणफणलेला. घरच्यांनी धाकट्याला नवे कपडे घालून बसवलं. चहा झाला, पसंती झाली, नारळ मागवला. तेवढ्यात अय्यूबभाई सायकलची हवा भरायला आले. पाहुण्यांच्या पुढ्यात बसलेल्या मुलाची फक्त पाठ त्यांना दिसत होती. डोक्यावरचा केसांचा भोवरा पाहून ते म्हणाले, "काऊन रे लहान्या, मोठा कुठं गेला?"

सोयरीक मोडली. दोन्ही भाऊ दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. अय्यूबभाईंना यात स्वतःची चूक कोणती ते कळलं नाही. "तोंड पाहून सोयरीक होते," ते मला म्हणाले. "वळख पाठीनं होते."

नोकरीतही हेच. प्रात्यक्षिक परीक्षेला टेबलावर नमुने मांडण्याचं काम त्यांचं होतं. एका वर्षी प्राध्यापकांनी सांगितलं, एक हंसराज ठेवा. अय्यूबभाईंनी तीन ठेवले, शेजारीशेजारी, क्रमांक लावून. अख्ख्या वर्गाने तिन्हीपुढे एकच नाव लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही मान डोलावली. मग कोणाला किती गुण द्यायचे यावरून गोंधळ झाला आणि अय्यूबभाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो खुलासा मी पाहिला आहे. एका ओळीचा आहे: ‘तीन ठेवले कारण तीन आहेत.’

ते तीन पुढे लागणार असल्याने इथेच सांगून ठेवतो. हंसराज म्हणजे काळ्या, चकचकीत, केसासारख्या काडीचा नेचा. खोकल्याच्या काढ्यात घालतात. जडीबुटीवाले सगळ्या प्रकारांना हंसराजच म्हणतात आणि एकाच पोत्यात भरतात. अय्यूबभाई त्यांना भाऊ म्हणत. थोरल्याची काडी फांद्याफांद्यांची असते आणि पानं छोट्या पंख्यांसारखी. त्याला बारमाही पाझरतं पाणी आणि चुन्याचा दगड लागतो, म्हणून तो जुन्या विहिरींच्या भिंतींवर माजतो. मधल्याची काडी एकच, तिच्यावर अर्ध्या चंद्रासारखी गुळगुळीत पानं. धाकटाही एकाच काडीचा, पण काडीवर लव आणि पानांच्या कडा कातरलेल्या. मधला आणि धाकटा डोंगरावरचे. पावसाळ्यात सातपुड्याच्या उतारावर हिरवे होतात, कार्तिकात वाळून जातात.

आमच्याकडच्या लोकांना यातलं काही कळून घेण्याची गरज नव्हती. त्यांच्यापुढे कपाशी होती. अळी मारणाऱ्या बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर त्या काळी साध्या, बिगर-बीटी बियाण्याचं एक लहान पाकीट येई. ते शेताच्या चारी कडांनी लावायचं, म्हणजे काही अळ्या साध्या कपाशीवर पोसल्या जातात आणि बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांचं राज्य लवकर येत नाही, असा तो हिशेब. बहुतेक जण लहान पाकीट बांधावर फेकून देत. मृगाच्या आधी अय्यूबभाई कृषी केंद्राच्या दारात उभे राहत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला अडवत.

"लहान पाकीट फेकजो नको. चारी बाजूनं लावजो."

"चाचा, दोन्ही पऱ्हाटी सारखीच तं दिसते," एकजण एकदा बोलून गेला.

"तुले दिसते. अळीले इचार."

लोक हसत. दुकानदाराने शेवटी त्यांच्यासाठी एक खुर्ची आणली आणि ती दारापासून लांब, लिंबाखाली ठेवली.

मग ते वर्ष आलं. बोंडं बाहेरून भरलेली, हिरवीगार, आणि फोडली की आत गुलाबी अळी. दिवाळीपर्यंत लोकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. अय्यूबभाई कोणाला ‘मी सांगत होतो’ म्हणाले नाहीत. तो पूर्ण महिना ते कृषी केंद्रासमोरून गेलेच नाहीत. बाजारातून घरी यायला त्यांनी मागचा, लांबचा रस्ता धरला.

नाक्यावर पकडलेलं पोतं त्याच दिवाळीनंतरचं.

पोतं द्वारकाबाईंचं होतं. डोंगराच्या पायथ्याच्या गावात त्यांची चार एकर कपाशी होती, ती अळीने नेली. नवरा ऊसतोडीला गेला. घरी त्या आणि सहा वर्षांची मुलगी. एका जडीबुटीवाल्याने हंसराज आणून द्यायला सांगितलं होतं, म्हणून त्या तो काढायला गेल्या. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला त्या पोतं डोक्यावर घेऊन अभयारण्याच्या कडेच्या रस्त्याने त्याच्याकडे निघाल्या होत्या. नाक्यावर वनपाल देशमाने यांनी त्यांना थांबवलं.

देशमाने नाशिककडचे, बदलून येऊन चार महिने झालेले. आवाज चढवत नसत. "अभयारण्यातून एक पान उचललं तरी गुन्हा होतो, बाई," त्यांनी सांगितलं.

"साहेब, म्या डोंगर चढलीच नाही. आमच्या गावच्या बारवेतला हाये हा," द्वारकाबाई म्हणाल्या.

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावाच्या जमिनीत आहे. हंसराज तिथला असेल तर गुन्हा नाही. डोंगरावरचा असेल तर गुन्हा दाखल.

दाखल होण्याचा अर्थ द्वारकाबाईंपुरता एकच होता. गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांची निवड झाली होती. येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि त्याआधी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा होता. नावावर गुन्हा असता तर दाखला मिळाला नसता, आणि सोमवारनंतर जागा यादीतल्या पुढच्या बाईकडे गेली असती.

मी त्या वेळी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. अकराच्या सुमाराला नाक्यावर पोहोचलो तेव्हा द्वारकाबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि देशमाने कोरा कागद समोर घेऊन बसले होते.

"बारवेतलं की डोंगरावरचं, हे मला कोण सांगणार?" ते म्हणाले. "मला तर सगळं सारखंच दिसतं."

सांगणारा माणूस आहे, असं मी म्हणालो. ही सूचना माझी होती, हे नोंदवून ठेवतो.

अय्यूबभाईंना आणायला मी मोटरसायकलवर गेलो. हंसराजचं नाव ऐकून ते जेवणावरून उठले. मागे बसल्यावर मी बोलायला लागलो तर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "काही सांगू नको. कोनाचं पोतं, कायले पकडलं, काहीच नको. ऐकलं की डोया बाटते."

त्यामुळे सोमवारची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

पहिला तास ठीक गेला. काड्या उलटल्या जात होत्या, भिंग खाली-वर होत होतं, आणि सगळ्या काड्या त्यांच्या उजव्या हाताला एकाच ढिगात जात होत्या. फांद्यांच्या काड्या, पंख्यांची पानं. थोरला, म्हणजे बारवेतला. देशमाने यांनी कागद बाजूला सारून चहा मागवला. वनमजूर श्रीरामलाही हुरूप आला.

"चाचा, मेथी निवडून राह्यले का?"

"तू निवडू नको कधी," मान वर न करता अय्यूबभाई म्हणाले. "तू गाजरगवत खाऊ घालशीन पोराईले. अन् सरक तिकडं, उजेड खाऊन राह्यला."

एक चाळीसला त्यांनी एक काडी उचलली, उलटी केली, भिंगाखाली धरली, आणि डाव्या हाताला ठेवली.

श्रीराम हसायचा थांबला. द्वारकाबाईंनी त्या काडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं?" देशमाने यांनी विचारलं.

अय्यूबभाईंनी भिंग सदऱ्याला पुसलं. पुढची काडी उजवीकडे गेली. त्याच्या पुढच्या पन्नास-साठ उजवीकडे गेल्या. मग आणखी एक डावीकडे. दोनच्या सुमाराला डावीकडे तीन होत्या. चहा आला आणि निवला. अडीचला पाच. द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या प्रत्येक काडीबरोबर अय्यूबभाईंच्या हाताकडे पाहत होत्या. हात उजवीकडे वळला की त्या श्वास सोडत.

सव्वातीनला पोतं संपलं. डावीकडे सात काड्या होत्या. एकाच दांड्याच्या, अर्ध्या चंद्राच्या पानांच्या.

"साहेब," अय्यूबभाई म्हणाले, "हा सगळा थोरला. बारवेतला. यात काही शक नाही."

"आणि या सात?"

"हा मधला. डोंगरचा."

"चाचा!" द्वारकाबाई उभ्याच राहिल्या. "माह्या पोरीची आन घेऊन सांगतो, म्या डोंगरावर पाय नाही ठेवला. एकाच बारवेतून ओरबाडलं सगळं!"

"म्या कुठं म्हनलं तू गेलती?"

"मंग डोंगरचा हाये म्हनता ना?"

"डोंगरचा हाये, म्हून डोंगरचा म्हनतो."

देशमाने यांनी कागद पुन्हा पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. ते मला म्हणाले, "मला वाईट वाटतंय. पण तुम्हीच आणलेल्या माणसाने सांगितलं."

अय्यूबभाई उठून नाक्यामागच्या नळावर हात धुवायला गेले. मी त्यांच्यामागे गेलो. तिथे वार्ताहराने बोलायचं नसतं तितकं मी बोलून टाकलं: अंगणवाडी, सोमवार, चारित्र्याचा दाखला, ऊसतोडीला गेलेला नवरा. मग म्हणालो, "दोन किलोत सात काड्या, अय्यूबभाई. दोन्ही सारखेच दिसतात, माझी नजर चुकली, एवढं म्हणा. विषय संपेल."

त्यांनी नळ बंद केला.

"तू पेपरवाला ना? उद्या पुलावरून गाडी पडली, दोन हजार वाचले, सात मेले. सातायले वाचले म्हनून छापशीन का?"

मी आत जायला वळलो. त्यांनी मला थांबवलं.

"कोनत्या गावची अंगणवाडी?"

मी सांगितलं. त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले आणि ते काही वेळ डोंगराकडे पाहत राहिले. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही. मग ते परत आत आले, सातांपैकी एक काडी उचलली आणि तिचं कापलेलं टोक देशमाने यांच्यापुढे धरलं.

"साहेब, हे कार्तिक चालू हाये. डोंगरावरचा मधला या दिवसात वाळून कागद होते. हा पाहा कसा हिरवा हाये."

देशमाने यांनी पाहिलं. "ओढ्याकाठी सावलीत असेल तर राहील ना हिरवा?"

"राहू शकते," अय्यूबभाई म्हणाले.

द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. "चाचा, तुमी कोनाकडून हाय?"

"पन हा ओढ्याकाठचा नाही," अय्यूबभाई पुढे म्हणाले.

"कशावरून?"

अय्यूबभाईंनी काडी खाली ठेवली, सातही काड्यांची टोकं एका रेषेत आणली, भिंग खिशात घातलं.

"हा कुठचा हाये ते मले माहीत हाये. बारवेत चला."

बारव नाक्यापासून पाच किलोमीटर आहे. आम्ही पाचही जण तीन मोटरसायकलींवर गेलो. द्वारकाबाई श्रीरामच्या मागे, अंग चोरून बसल्या होत्या. अय्यूबभाई माझ्या मागे होते. रस्ताभर त्यांनी मला वेग कमी करायला सांगितलं नाही, जे ते एरवी दर दोन मिनिटांनी सांगतात.

बारवेत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. पाणी खोल होतं आणि भिंती पाझरत होत्या. डाव्या भिंतीवर थोरला हंसराज वरपासून खालपर्यंत लोंबत होता आणि त्यात जिथे द्वारकाबाईंचा विळा चालला होता तिथे काळा दगड उघडा पडला होता. उजव्या भिंतीशी अय्यूबभाई तिसऱ्या पायरीवर थांबले आणि खाली बसले.

तिथे, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, भिंतीच्या सांध्यांत तीन चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीभोवती चुन्याची रेघ. पहिलीत थोरला, दुसरीत मधला, तिसरीत लव असलेला धाकटा. मधल्याच्या चौकटीत विळा लागलेला होता.

"हे मीच कापलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, कोन्या पोराईनं खेळता खेळता रेघा मारल्या. सगळा हंसराजच तं हाये."

देशमाने खाली वाकले. त्यांनी कापलेले दांडे मोजले. सात होते. अय्यूबभाईंनी नाक्यावरून आणलेली एक काडी दांड्याशी जुळवून दाखवली. तिरका काप तिरक्या कापावर बसला. दुसरीही बसली. तिसरीला देशमाने यांनी हात वर केला.

"पुरे. म्हणजे बाई खरं बोलत होत्या. पण डोंगरावरचा नेचा बारवेत आला कसा?"

"लावला."

"कोणी?"

"म्या."

"आणला कुठून?"

"डोंगरातून."

देशमाने यांनी अय्यूबभाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वही त्यांच्या हातात होती, पण उघडलेली नव्हती.

"डोंगर मोठा आहे, अय्यूबभाई," ते सावकाश म्हणाले. "सगळाच काही अभयारण्यात येत नाही. हद्दीबाहेरूनही आणला असेल."

"नाही साहेब. हद्दीच्या आतून. मोठ्या धबधब्याच्या खालून, डाव्या अंगानं."

"किंवा एखाद्या नर्सरीतून?"

"नर्सरीतला अलग असते."

"तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"हाव. म्हून तं सांगून राह्यलो. बाईचं पोतं देऊन टाका. गुन्हा माहा हाये."

देशमाने यांनी वही उघडली.

पंचनामा तिथेच, पायरीवर बसून झाला. त्यात देशमाने यांनी आधी ‘हंसराज, अकरा झाडे’ असं लिहिलं. अय्यूबभाईंनी त्यांना ते खोडायला लावलं आणि मधला सहा, धाकटा पाच असं वेगवेगळं लिहून घेतलं. थोरल्याची चौकट त्यांनी गुन्ह्यातून वगळायला लावली, कारण तो मूळचाच बारवेतला होता. आरोपीच पंचनामा तपासतो आहे, अशी ही नोकरीतली पहिलीच वेळ, असं देशमाने म्हणाले. श्रीराम हसला. अय्यूबभाई हसले नाहीत. ते ‘धाकटा’च्या पुढे कंसात ‘काडीवर लव’ लिहिलं गेलं का, ते पाहत होते.

जप्त झाडं उपटली असती तर मेली असती. म्हणून देशमाने यांनी सुपूर्दनामा केला, म्हणजे निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जिवंत सांभाळण्याची जबाबदारी एका माणसावर टाकली. तो माणूस म्हणून अय्यूबभाईंचं नाव लिहिलं. साक्षीदार म्हणून माझी सही आहे आणि द्वारकाबाईंची.

सही करून झाल्यावर द्वारकाबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"चाचा, तुमचं लावलेलं म्या कापलं. मले खबर नव्हती."

"मुळाले हात लावला का?"

"नाही. वरून वरून कापलं."

"मंग येते ते. तू जाय. पोरगी शाळेतून आली असंन."

बुधवारी द्वारकाबाईंनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला. शनिवारी दाखला मिळाला. सोमवारी सकाळी त्या अंगणवाडीत रुजू झाल्या. अय्यूबभाईंवरचं प्रकरण वरच्या कार्यालयात गेलं आहे. हे लिहीपर्यंत त्याचा निकाल लागलेला नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी घेतलेल्या त्यांच्या जबाबाची नक्कल माझ्याकडे आहे. अक्षर वनपाल देशमाने यांचं आहे. सुरुवातीचे प्रश्न नाव, वय आणि पत्त्याचे. पुढे असं आहे:

झाडे अभयारण्यातून कधी आणली? — पत्नी हयात असताना.

विक्रीसाठी आणली का? — नाही.

मग उद्देश काय? — पत्नीला तिन्ही एका जागी पाहायचे होते. तिचे गुडघे गेले होते. डोंगर चढता येत नव्हता. तीन पायऱ्या उतरता येत होत्या.

पत्नीचे नाव? — शमीमबी. मयत.

त्यानंतर झाडांची देखभाल कोण करते? — मी. दर शुक्रवारी.

आता कशासाठी?

या प्रश्नापुढची जागा कोरी आहे. खाली अय्यूबभाईंची सही आहे.